सात फुटांचं माप

घणसोलीत मॉड्यूलर किचनच्या ट्रॉल्या बसवतो मी,
पण भोईरांच्या मृणालने दिलेलं माप वेगळंच होतं:
सात फूट धामण, जेसीबीने पाठ सोललेली,
वनखात्याच्या चिठ्ठीवर महिनाभर मुक्कामाला.

"वॉर्निश नको काका, वासाने हैराण होईल.
भोकं पाडा, पण आतून नीट घासा,
नाक घासून घासून रक्त काढते ती."
पॉलिश पेपर करंगळीला गुंडाळून
एकशे बारा भोकं घासली.
ओट्याखाली हात घालून
कुठलं गिऱ्हाईक बघतं एवढं?

एका टोकाला बल्ब, दुसरं टोक गार,
मधे पाण्याचं घमेलं, वेटोळं मावेल असं.
आणि आत आणखी एक पेटी. छोटी.
एवढी जागा असताना छोटी कशाला?
"अंग चारी बाजूंनी टेकलं
की तिला वाटतं, आता कुणी बघत नाही."

त्या रात्री रबाळ्याच्या खोलीत
कपाट आणि भिंतीच्या मधे झोपलेल्या पोरीला
मी नेहमीसारखं ओढून गादीवर घेतलं नाही.

सरकती काच, कुलूप. फट एक सूतसुद्धा नाही.
तेविसाव्या दिवशी फोन आला:
येऊरला सोडली, वळूनही बघितलं नाही तिने.
आत कात राहिलीय, अख्खी,
डोळ्यांवरच्या टिकल्यांसकट.
पेटीचं काय करू?

म्हटलं, धुऊन उन्हात ठेव.
तुमच्या मागचा रस्ता अजून रुंद होतोय ना?