पाचव्या अंकातली आई

त्रिएस्तेच्या थिएटरात, रंगमंचाच्या ओठाशी
एक भोक आहे, लाकडी टोपणाखाली.
त्यात एक स्टूल, चाळीसचा दिवा आणि मी.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटतेय.
प्रेक्षकांना मी दिसत नाही. मला नटांच्या टाचा दिसतात,
कुणाचा मोजा फाटलाय, कोण खरंच थरथरतंय.

नाटक जुनं. चारशे वर्षांचं म्हणतात.
कप्तानानं पिठाच्या एका पोत्यापायी पोरगा फासावर दिला.
कायद्याला धरून दिला;
आदल्या रात्री चौकात वाचून दाखवला होता कायदा, मोठ्यानं.
पोरगा तेव्हा भुकेनं झोपला होता.
पाचव्या अंकात कप्तान गुडघ्यांवर, गळ्यात तोच दोर,
आणि ड्यूक हात उचलून म्हणतो, सुटलास तू.
पोराची आई डावीकडे.
तिच्या नावापुढे एवढंच: ‘ती उभी राहते.’
मग ड्यूक म्हणतो, बघा, आईनंही माफ केलं.
पडदा.

एका दिग्दर्शकानं तिला रडवलं.
एकानं कप्तानाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला,
लोक नाक पुसत घरी गेले.
एकानं तिला काढूनच टाकलं. म्हणाला, बाई खोळंबा करते.

माझा भाऊ लिवियो गोदीत होता.
क्रेनची तार तुटली.
तार ठीक आहे, अशी सही फोरमन झानियेरची.
सहा वर्षं झाली त्याला. चार महिन्यांत फुप्फुसं बिघडली
आणि दयेचा अर्ज आमच्या दारात आला, तीन प्रतींत:
मयताच्या नातलगांची हरकत असल्यास येथे लिहावी.
साडेचार ओळींची जागा.
‘आहे’ लिहिलं असतं
तर एक खोकणारा म्हातारा माझ्या अक्षरात मेला असता.
‘नाही’ लिहिलं असतं
तर लिवियो पुन्हा पडला असता, या खेपेला माझ्या हातून.
कागद कोराच परत दिला.
कारकुनानं शिक्का मारला.
म्हणाला, कोरं म्हणजे संमती, सिन्योरा.

गेल्या गुरुवारी बोरा सुटला होता.
रस्त्याच्या कडेनं दोर बांधले होते, माणसांनी धरून चालावं म्हणून.
तरी घर अर्धं भरलं.
तिसऱ्या घंटेनंतर सातव्या रांगेत कुणीतरी खोकलं.
तो खोकला मी कोर्टात ऐकलाय.

आईच्या कामात नवी मुलगी, फेदोरा. अनवाणी.
ड्यूकनं हात उचलला, सुटलास म्हणाला,
आणि तिनं ओळ विसरल्यासारखं खाली पाहिलं.
माझ्याकडे.
तिला ओळच नाही.
मी संहितेचं पान उलटलं, परत उलटलं,
आणि पुटपुटले: थांब.
म्हणजे, घाबरू नकोस, तुला काही बोलायचं नाहीये, पडदा येतोच आहे.
तिनं मान वर केली
आणि ड्यूकला म्हणाली, खणखणीत,
‘थांब.’

ड्यूकचा हात अर्ध्यातच.
कप्तानानं गळ्यातला दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला,
बाहेर लोकांनी धरला होता तसा.
सातव्या रांगेत कुणीतरी खोकला गिळला.
पडदा ओढणारा निनो घड्याळावर चालतो.
त्यानं वेळेवर पडदा सोडला.

मॅनेजरनं माझ्या पगारातून चार हजार लिरा कापले.
संहितेबाहेरचा शब्द, आणि तोही ड्यूकला एकेरीत!
फेदोरा विचारत होती, मी थांबवलं कुणाला?
माफीला, की दोराला?
मी म्हणाले, तुझ्या टाचांना भेगा पडल्यात. तेल लाव.

उद्या पुन्हा प्रयोग.
सातव्या रांगेतलं ते तिकीट गेलंय,
खिडकीवरच्या बाईनं सांगितलं, मी न विचारता.
संहितेत त्या जागी मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: थांब.
खोडरबरही घेतलंय सोबत.
भोकात हवा कोंदट असते, दिव्याखाली हाताला घाम येतो,
अक्षर आत्ताच थोडं पुसट झालंय.