सहा ते सात

लिट्रिममधल्या त्या बोळात मी गाडीचे दिवे मालवले
तेव्हा सहाला चार मिनिटं होती.
मार्चचं दंव, काटेरी तारेवर लोकरीचे पुंजके,
मागच्या सीटवर माझी पेटी:
दोन बाटल्या, अ आणि ब,
जुळ्यांसाठी आणून ठेवल्यासारख्या.

चौतीस वर्षं स्लायगोच्या इस्पितळात सुईण होते.
पाणी फुटायची वाट बघत रात्री काढल्या.
निवृत्त झाले, तरी वाट बघतेच आहे,
फक्त पाणी वेगळं.
नवरा म्हणतो, तुझं नशीबच ओलं.

मुरिन टूही. तीन हजार मीटर, स्टीपलचेस.
गेल्या उन्हाळ्यात फायनलला नववी.
ओट्याशी बटाटे सोलत मी ती शर्यत बघितली.
शेवटच्या पाण्याच्या उडीला ती अशी अडखळली
की माझा अंगठा कापला.
पहिल्या तिघींबद्दल मी बोलत नाही.
बोलायला पुरावा लागतो,
पुराव्याला पहाटे दार ठोठावणारं कुणी लागतं,
आणि सगळ्याच दारांपर्यंत रस्ता जात नाही.

अनुदान आठवीपर्यंत.
नववी आठवड्यातून तीन रात्री
सुपरमार्केटात दुधाचे डबे रचते.

तरी रोजचा एक तास ती आम्हाला लिहून देते:
मी इथे असेन.
नाताळला. बहिणीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.
दोनदा हुकली आहे, एकदा विमानामुळे, एकदा झोपेमुळे.
तिसऱ्यांदा हुकली की बंदी.
कारण कुणी विचारत नाही पुढे,
नाव तेवढं लोकांच्या लक्षात राहतं.

दार वाजवलं. थांबले. वाजवलं.
खिडकीत दिवा नाही. बापाची काठी दाराला टेकलेली,
तो कंबरेच्या ऑपरेशनला गेलेला, हे मला नंतर कळलं.
फोन शेवटच्या पाच मिनिटांतच करायचा, असा नियम.
सहा बावीस. सहा एकतीस.
मी घड्याळाकडे असं बघत होते
जणू माझ्याच नावावर दोन चुका आहेत.

मग शेडच्या बाजूने एक आवाज आला.
तो आवाज मी कुठेही ओळखेन.

ती पेंढ्यात गुडघ्यांवर, हात कोपरापर्यंत मेंढीच्या आत.
माझं जाकीट बघून म्हणाली, "आजच?"
"आजच."
"एक पाय मागे राहिलाय."

नियमांच्या पुस्तकात हे वाक्य नाही.
मी हात लावला नाही. नुसतं बोलले:
कळ येऊ दे. आता बोट वाकव, खूर तळव्यात धर.
ओढू नकोस, तिच्याबरोबर ये. खाली, खाली.
आलं. पिवळं, चिकट, गप्प.
मुरिनने नाकात पेंढ्याची काडी घातली
आणि ते शिंकलं.

न्हाणीघरात ती साबणाकडे वळली.
"साबण नको," मी म्हटलं, "नुसतं पाणी."
तेव्हा ती हसली, दंडापर्यंत रक्ताने माखलेली.

दार उघडं ठेवायचं, मी बघत राहायचं.
आयुष्यभर बायकांनी मला सगळं बघू दिलं,
शेवटी त्यांच्या कुशीत काहीतरी यायचं.
हिला माझ्याकडून काय मिळतं?
कोरा अहवाल. तोही टपालाने.

पाऊण तास काही उतरलं नाही.
"त्या तिघी," ती अचानक म्हणाली, "तुला काय वाटतं?"
"वाटणं माझ्या कामात नाही."
"मला रोज वाटतं. पळताना सोडून."

मग अर्ज. सात दिवसांतली औषधं:
लोहाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल,
बापाच्या बाटलीतलं अर्धा चमचा खोकल्याचं औषध.
"तेही लिहू?"
"तेही लिही."

आठ वीसला झालं.
"मोकळी झालीस," माझ्या तोंडून गेलं, जुनी सवय.
पेटीत ठेवताना बाटल्या अजून कोमट होत्या.

विलंबाचं कारण, असा एक रकाना असतो.
मी लिहिलं: एक पाय मागे राहिला होता.
दुपारी डब्लिनहून फोन आला.
कुणाचा, विचारत होते.