अठ्ठावीस दिवसांचा महिना

रोहिदासच्या दुकानात रवा मिळतो, गळ मिळतात,
रिचार्जही मिळतो.
पैसे मोजून घेताना तो न चुकता बजावतो,
"अठ्ठावीस दिवस हां, बाय. महिना नव्हे."

म्हणून माझ्या वर्षात महिने तेरा.
आईला सांगितलं, तर पीठ मळता मळता म्हणाली,
"तेरावा म्हणजे अधिक.
जावई नाही अजून, नाहीतर अनारसे करावे लागले असते."

आमच्या घरात नेटवर्क येत नाही.
पडवीत एक दांडी, तीही पाहुण्यासारखी,
बसते न बसते तोच उठते.
तीन दांड्या हव्यात तर डोंगरीवर जायचं,
शाणूमामाच्या भाटात, वाकड्या काजूखाली.
तिथे एक सपाट दगड आहे.
तेच माझं पॉलिटेक्निक, सुट्टीच्या आणि संपाच्या दिवसांत.

असाइनमेंट अपलोड होताना ते चक्र फिरत राहतं.
मी चक्र बघत नाही, हुमले बघते.
तांबडे हुमले दोन पानं ओढून धरतात
आणि तिसरा येऊन शिवतो.
टक्के दाखवत नाहीत ते कुणाला.

भाद्रपदात पानं ओलीगच्च,
सगळं सिग्नल पिऊन टाकतात.
सर तोंड उघडं ठेवून अडकतात,
हात हवेत, फळ्यावर अर्धंच सर्किट.
चवथ होते, माटोळी उतरते,
भात कापून होतं,
आणि मग कधीतरी सरांना कंठ फुटतो.

पौषात म्हादईवरून धुकं वर चढतं.
एकदा पानावरून दवाचा थेंब स्क्रीनवर पडला
आणि त्यानं साईशला अंगठा पाठवला.
साईश वेर्ण्याला कंपनीत, रात्रपाळीला.
विचारलं त्यानं, "इतक्या पहाटे?"
मी लिहिलं, "मी नव्हे. दव."
त्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग एवढंच, "इथे एसी आहे. बारा महिने एकच हवा."

माघात ॲप म्हणालं,
अंशतः ढगाळ, आल्हाददायक.
मी एक मोहोरलेली डहाळी घरी नेली होती.
आईनं नाक लावलं, बोटांत चुरून बघितली,
आणि काही न बोलता टोपल्यांच्या उतरंडीतून
दोनच टोपल्या खाली काढल्या.
दर वर्षी पाच काढते.

मोसम सुरू झाला की कीबोर्डचं काही खरं नसतं.
बोंडू लिहिलं की तो बंधू करतो.
मी आईला कळवते,
"बंधू खूप पडलेत, गोळा करून येते."
ती उत्तर पाठवते, "पिकलेलेच घे."

तेरा गुणिले अठ्ठावीस, तीनशे चौसष्ट.
एक दिवस उरतो.
यंदा तो चैत्रात आला. पैसे नव्हते असं नाही,
रोहिदास लग्नाला केप्याला गेला होता.
तरी पाय डोंगरीवर गेलेच.
दगडावर बसले. फोन खिशात,
बिया पिळून काढत राहिले संध्याकाळपर्यंत.
एक बोंडू मांडीवर पडला,
घाणेरडा डाग पडला, तो अजून गेला नाही.
याहून जास्त काही घडलं नाही त्या दिवशी.

घरी येऊन फोन उघडायला गेले, तर उघडेना.
चिकानं बोटांची कातडी सोललेली.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला.
पुन्हा.
पुन्हा.

दुसऱ्या दिवशी आई रेशनवर गेली.
तिचा अंगठाही यंत्राला पटला नाही,
डावा नाही, उजवा नाही, पदराला पुसूनही नाही.
दुकानदारानं यंत्र बाजूला सारलं,
वही ओढली, तिचं नाव लिहिलं,
आणि म्हणाला,
"काजू संपू दे गो. मिरगाला ये,
तोवर नवा अंगठा येईल."