वाचून दाखवा

एकतीस वर्षं मी बडोद्याच्या कोर्टात
लोकांचं बोलणं रेघांत पकडलं.
साक्षीदार अडखळायचा, पेन्सिल नाही.
निवृत्त झाल्यावरही बोटं
ताटाच्या कडेवर उगाच काहीबाही उतरवत राहायची.

म्हणून ऋजुतानं बोलावलं तशी गेले.
फतेगंज, झेरॉक्सच्या दुकानावरची गच्ची,
प्लास्टिकच्या खुर्च्या, सेवउसळीचे डबे.
"अगं, फोनवर होतं की रेकॉर्ड."
"फोनसमोर ते छान छान बोलतात, काकू.
पेन्सिल दिसली की माणूस सावकाश बोलतो."

पहिली अबिडेमी. नखांत नीळ.
तिच्या गावी कोंबडीच्या पिसानं
कापडावर खळ काढतात, कसाव्याची.
मग कापड निळीत बुडवायचं.
जिथं खळ, तिथं रंग शिरत नाही.
मी म्हटलं, आमचा साबुदाणाही त्याच कंदाचा,
उपासाला खातो.
ती इतकी हसली की मला ते हसणं
कुठल्या खुणेनं लिहावं कळेना.
पुढच्या एकादशीला खिचडी आणा म्हणाली,
तिखट घाला म्हणाली, भरपूर.

एबिएरे खाडीकाठची. तेल आलं, मासे गेले,
एवढंच बोलून गप्प.
मग आपल्या विश्वामित्रीच्या पुरावर आली:
रात्री खडू घेऊन ती गल्लीभर फिरली,
प्रत्येक चौकटीवर पाण्याची रेघ आणि वेळ.
"आधी सगळे खिडकीतून बघत होते.
तिसऱ्या रेघेला एकानं शिडी आणून दिली.
चौथीला विचारलं, आमच्याकडे किती वाजता पोचेल?"
मगरींची भीती नाही वाटली?
"आंटी, मगर भाडं मागत नाही."

टेरहेम्बा शेवटचा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा.
"मी दारांचे फोटो काढतो," म्हणाला.
"फक्त दारं. जिथं जिथं खोली नाही म्हणाले, ती."
लॅपटॉप उघडला.
कारेलीबागेतलं सागवानी दार. वाघोडिया रोडवरचं शटर.
एक दार शुभ-लाभचं,
एक नुसतंच, बेलची वायर लोंबणारं.
प्रत्येकाखाली तो एकच वाक्य बोलायचा
आणि मी उतरवत होते.
शाकाहारी हवेत. फॅमिली हवी. मालक परदेशी गेलेत.

अठ्ठाविसावं दार हिरव्या जाळीचं.
डाव्या अंगाला खिळा, दुधाच्या पिशवीसाठी,
वाकडा ठोकलेला.
तो ह्यांनी ठोकला होता. मी सरळ करा म्हटलं होतं.

"या बाई चांगल्या होत्या," टेरहेम्बा म्हणाला.
"ऊन होतं, पाणी दिलं. माठातलं.
मग म्हणाल्या, खोली कालच गेली."

पेन्सिल चालली. तिला सवयच तशी.
तो पडद्याकडे बघत होता. एकदाही माझ्याकडे नाही.
ओळखलं असेल? नसेल?
दोन उन्हाळे झाले, केस पांढरे सोडलेत मी तेव्हापासून.
अडीचशे वर्षं या शहरात राहून
आम्हाला अजून कुणी विचारतं, तुम्ही मूळचे कुठले?
आणि मी रागावते.

ऋजुता म्हणाली, "काकू, मागचं वाक्य वाचून दाखवा ना."
न्यायाधीश म्हणायचे तसंच.
मी वाचलं. सगळं.
माठ, पाणी, खोली कालच गेली.
एकतीस वर्षांत दुसऱ्यांची वाक्यं
मी कोरड्या आवाजात वाचली,
हेही तसंच वाचलं,
फक्त "कालच"वर थोडी थांबले.

दोरीवर अबिडेमीचं कापड वाळत होतं,
निळ्यात मधेमधे कोरं.
एबिएरे डबे गोळा करू लागली.
वरची खोली अजून रिकामी आहे. पंखा आवाज करतो.
हे मी कुणाला बोलले नाही.

वही मिटण्याआधी
मी त्याला नावाचं स्पेलिंग विचारलं.
त्यानं एकेक अक्षर सावकाश सांगितलं.
त्या दुपारीही जाळीपलीकडून
त्यानं नाव सांगितलं होतं.