रंकाळ्याची खोली

रंकाळा किती खोल, हा वाद
आम्ही सतरा दिवस चालवला होता.
वर्ष सांगत नाही. शेंगांची पुडी आठ आण्याला होती
आणि पुडीचा कागदही आम्ही वाचायचो,
तेलकट बातमीचं उरलेलं अर्धं
दुसऱ्याच्या पुडीत शोधायचो.

बाळगोंडा म्हणाला, साठ फूट.
त्याच्या मामानं संध्यामठाजवळ बुडी मारलेली,
तळ लागला नाही, कानातून रक्त आलं.
मेहबूब शिकलगार म्हणाला, खाण होती ही पूर्वी,
खाणीला टप्पे असत्यात, सगळीकडं एकच खोली कशी असंल?
यावर आम्ही चार दिवस गप्प.
वाद पलीकडच्या नंदीसारखा चालायचा,
रोज गव्हाएवढा पुढं, तांदळाएवढा मागं.
सुंदराक्का शेंगा मापता मापता म्हणाली,
"बुडणाऱ्याला पुरंल एवढा हाय.
उठा आता, गिऱ्हाइक येऊ द्या."

सतराव्या दिवशी निवास भोईनं नाव काढली.
दोरीच्या टोकाला सुंदराक्काचं अर्ध्या किलोचं माप,
उसनं.
दोरी गेली, गेली, मग ढिली पडली.
वर ओढली तेव्हा शेवाळ होतं, कुणाची तरी रिबीन होती,
माप नव्हतं.
तळ लागला की गाठ सुटली,
सांगणार कोण?
तरी भिजलेली दोरी हातानं मोजली. अठ्ठावीस हात.
"का एकोणतीस? मधीच शिंकलास तू, मेहबूब."
बेचाळीस फूट ठरलं.
त्या रात्री अंथरुणात पडून मी
बेचाळीस फुटांचा अंधार हातभर हातभर
खाली सोडत राहिलो.

परवा त्याच कठड्यावर बसलो.
बाळगोंडा नाही आता. मेहबूबचे गुडघे गेलेत,
नातवाच्या गाडीवरून येतो.
मी म्हटलं, जुनैद, किती खोल असंल रे हा?
वाटलं, पोरगं निदान एकदा पाण्याकडं बघेल.
त्यानं अंगठा हलवला. "बेचाळीस फूट, आजोबा."
शेंग सोलायला लागतो त्याच्याहून कमी वेळात.

झालं. पुढं बोलायला काही उरलं नाही.
तिघं बसलो, तीन उजेड तीन हनुवट्यांवर.
मीही काढलाच की माझा. खाणीत पाणी कधी आलं ते बघायला गेलो
आणि पाऊण तासानं बघत होतो
कुठल्याशा मुलखात एक माणूस
कलिंगडाला रबरं गुंडाळतोय.
खाण राहिलीच.

खोटं कशाला बोलू, शिव्या द्यायला तोंड नाही मला.
बायकोच्या गोळ्यांच्या वेळा हाच सांगतो.
सुंदराक्काची नात फुलेवाडीच्या एका खोलीत
याच्यावर जर्मन शिकली, आता पोरांना शिकवते.
फक्त, दवाखान्यातल्या बाईनं घरचा नंबर विचारला
तेव्हा मी तोंड उघडलं
आणि आत एकही आकडा नव्हता.

"पर बेचाळीस आलं कुठनं?" मेहबूबनं विचारलं.
जुनैद शोधत गेला, या पानावरून त्या पानावर,
प्रत्येक पान दुसऱ्याकडं बोट करून उभं.
सगळ्यात शेवटी, सगळ्यात खाली,
निवास भोईच्या थोरल्याचं नाव
आणि दोन शब्द: वडिलांकडून ऐकीव.

मेहबूब हसला, हसता हसता खोकला लागला,
"आयला, माझी शिंक जगभर गेली!"

जुनैद हसला नाही.
"मग खरं किती?" म्हणाला.
फोन हातातच होता, विझलेला.
पाण्यावर शालिनी पॅलेसचे दिवे हलत होते
आणि त्यांच्या खाली कुठंतरी
सुंदराक्काचं माप.

"दोरी कुठं मिळंल?"

"पापाच्या तिकटीला," मेहबूब म्हणाला.
"पर ह्या बारीला गाठ मी मारणार."