फुंकणी

फ्लू फेब्रुवारीत आला, आठ दिवसांत गेला,
जाताना खोकला विसरून गेला
कुणाच्या दारात छत्री राहून जावी तसा.
मार्च सरत आला,
छत्रीचा मालक फिरकलेला नाही.

नोव्ही बोरच्या उतारावर आमची भट्टी.
लोखंडी फुंकणीच्या त्या टोकाला मधासारखी काच,
या टोकाला मी, झ्डेना,
चोवीस वर्षं फुंकते आहे.
भट्टीवर आम्ही एकमेकांना श्वासावरून ओळखतो.
म्हाताऱ्या व्हेंडेलीनचा श्वास लांब, जरा आळशी.
माझा सपाट, न थरथरणारा.
होता.

डॉक्टर हाव्रान्कोव्हा पाठीवर थंड चकती ठेवते.
घे. सोड. पुन्हा.
मग औषधाच्या चिठ्ठीमागे एक नळी काढते,
नळीत आतून बारीक लव.
"ही लव झाडत असते, रात्रंदिवस, कफ वर ढकलत.
विषाणूनं ती खरवडून नेली.
आता पुन्हा उगवते आहे,
आणि तू दर वीस मिनिटांनी तिच्यावर गोड धुकं सोडतेस."
यानं किती दिवस लांबलं? मी विचारते.
ती पेन खाली ठेवते.
"तुझ्यापुरता आकडा माझ्याकडे नाही.
पण नुकत्याच पेरलेल्या वाफ्यावर
असली वाफ सोडतं का कुणी?"

मी मान हलवते. पूर्ण सांगत नाही.
रोजची दोन पाकिटं याच वाफेनं सोडवली माझी.
ओन्द्रानं, माझ्या मुलानं, चाळिसाव्या वाढदिवसाला दिली ही डबी,
आंब्याच्या वासाची.
झाडावरचा आंबा मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही.
ज्या दोरानं विहिरीतून वर काढलं
तो कमरेचा सोडायला हात धजत नाहीत, एवढंच.

छोटी नळी ओढायची, मोठी फुंकायची,
मी दिवसभर दोघींच्या मध्ये उभी.
एकीत श्वास जातो आणि पोट धरतो, मान धरतो,
कुणाच्या तरी टेबलावर पन्नास वर्षं राहतो.
दुसरीतून येतो
आणि खिडकीपर्यंतही टिकत नाही.

सोमवारी लिबेरेच्या हॉटेलसाठी चाळीस सुरया होत्या.
अकरावीचं पोट भरत असताना खोकला आला,
सरळ फुंकणीतून खाली उतरला.
काचेला उचकी लागली.
एक बाजू कांद्याच्या पापुद्र्याएवढी,
दुसरी ओठाएवढी जाड.
मातेय, आमचा शिकाऊ पोरगा, हसला,
मग हसायचा थांबला.
मी घाईघाईत तिची मान आवळली
आणि बाराव्या सुरईला फुंकणी त्याच्या हातात दिली.

बाकावर बसून मी नुसती फिरवत राहिले.
हळू. थांब. आता.
माझे शब्द, त्याचा श्वास.
एकोणीस वर्षांची छाती, अख्खी.
त्याच्याही खिशातून एक निळी नळी डोकावत होती.
मी तिच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे,
आणि आम्ही दोघांनी काचेकडे पाहिलं,
कारण काच थांबत नाही.

अकरावी फुटक्या काचेच्या पेटीत जायला हवी होती.
रात्रभर निवू दिली, घरी आणली.
तर खोकला असा दिसतो:
डावीकडे झुकलेला, मध्येच दचकलेला,
पाणी निम्म्याच्या वर गेलं की कलंडणारा.
स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय.
आंब्याची डबी त्यात टाकली,
टण्ण वाजली तळाला.

नऊ दिवस झाले. मी मोजत नाही.
मोजते.
सकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचे,
आता कधी तिसऱ्यावर थांबते, कधी पुन्हा दुसऱ्यावर.

काल रात्री तीनला उठले,
अंधारात सुरईत हात घातला.
मान अरुंद, माझीच करणी,
बोटं सांध्यापर्यंत गेली आणि अडकली.
तशीच उभी राहिले सिंकपाशी, काचेचा पंजा घेऊन,
आणि हसू आलं, लांबलचक,
मध्ये खोकला न येता.

मग आला.