तिसरा हात

फोन ठेव बाजूला, केर्तु.
त्यातल्या खोल्या सुंदर आहेत, मान्य,
पण एकीतही कुणी काही सांडलेलं नाही,
कुणाचा ओला मोजा वाळत पडलेला नाही.
तुमच्याकडे तर कुत्रा आहे,
शिवाय सिइमचा तो चेलो, माणसाएवढी जागा अडवणारा.

मी हेल्दुर. गिलाव्याचा माणूस.
तार्तूच्या या सूपनगरात,
जिथे गल्ल्यांची नावंच बटाटा, वाटाणा, घेवडा,
छत्तीस वर्षं लोकांच्या भिंती चाचपतो आहे.

आधी खिडकी उघड. तीच, जी उघडत नाही.
हिसडा नको मारूस, जुनं लाकूड आहे,
रुसलं की दोन-दोन हिवाळे बोलत नाही.
हं. आला बघ नदीचा वास.

भिंतीला कान असतात म्हणतात.
कानांचं मला ठाऊक नाही.
फुफ्फुसं असतात.
तुम्ही सूप उकळता, आंघोळ करता, भांडून रडता,
तेवढी सगळी वाफ ती पोटात घेते
आणि एप्रिलात, कुणाचं लक्ष नसताना, सोडून देते.
तिच्या तोंडावर प्लास्टिक ताणलं
तर तिने श्वास घ्यायचा कुठून?

हा पापुद्रा बघ, खरवडणीच्या टोकाला आलेला.
चिवट किती! वाळलेली सायच.
मोतिया रंग. सन चौऱ्याण्णव.
कसं कळलं ते विचारू नकोस.
बरं, विचार.
मीच लावला होता.

तेव्हा फिनलंडहून डबे यायचे,
झाकणावर पांढऱ्या दातांची बाई.
जे फडक्याने पुसता येतं तेच नवं जग,
असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.
हिल्या राहायची इथे, पुस्तकं बांधायची.
म्हणाली, चुन्याचाच हात दे ना.
मी हसलो. चुना? अगं, शतक संपत आलं!
तीन हात दिले. भिंत अशी चकाकली
की तिने पैशांवर काकड्यांची एक बरणी दिली.

पाचव्या हिवाळ्यात कपाटामागे काळं धरलं.
सातव्यात ती खोकू लागली.
डॉक्टर म्हणाला, वय.
मीही म्हणालो, वय.
आमच्या भाषेत हिल्या म्हणजे ‘उशिरा’.

ते असो. तू रंग विचारत होतीस.
रंग माती ठरवेल.
नदीपलीकडची तांबूस माती, चाळलेली वाळू,
आणि पाणकणसाचा कापूस, बोटांनी मोकळा केलेला,
म्हणजे भिंत वाळताना तडकत नाही.
पहिला हात जाड, ओबडधोबड. दुसरा त्याची समजूत काढणारा.
घाई करून शेगडी पेटवायची नाही.

छताला दिवे नकोत.
डिसेंबरात अंधार तीन वाजताच दारात येतो,
त्याला हाकलू नका, एक कोपरा द्या,
समोरच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा दिवा ठेवा.
मग दोघांचं पटतं.
पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब,
कपाटही. चेलो शेगडीजवळ नाही, सिइम,
तोही लाकडाचाच.
सामान कमी आणा असं मी म्हणत नाही,
सावकाश आणा.

ही खुंटी मात्र काढायची नाही.
इतकी खाली कशी, विचारतोस?
हिल्या बुटकी होती.
कुत्र्याचा पट्टा अडकवा तिला.

हिशेब त्या कागदावर आहे.
दोन हातांचे पैसे.
नाही, चुकलो नाही मोजायला. पुन्हा वाचू नकोस.

तिसरा हात पातळ असतो,
ओल्या हाताने फिरवायचा, रेघ न सोडता.
तो मी एकटाच देईन, शनिवारी.
तुम्ही कुत्र्याला नदीवर न्या,
दुपारपर्यंत परतू नका.